गिरणगावातले घर : मिळवणे आणि टिकवणे

राळेगणसिद्धी हे नाव महाराष्ट्रात घरोघरी माहीत आहे. पारनेर तालुक्यातील हे अवर्षणग्रस्त गाव. १९७५ साली अण्णा हजारे लष्करातून निवृत्त होऊन गावी परतले. त्यानंतर बंधारे बांधले गेले, दारूभट्ट्या बंद झाल्या, विहिरींना पाणी आले. पडलेले गाव पुन्हा उभे राहू शकते, याचे उदाहरण म्हणून शाळेच्या पुस्तकापासून शासनाच्या योजनांपर्यंत या गावाचा दाखला दिला जातो.

या गावाची आणखी एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. गावातील दलित कुटुंबांवर बँकेचे कर्ज झाले होते. गावकऱ्यांनी त्यांच्या जमिनीवर श्रमदान करून पीक काढले आणि ते कर्ज फेडले. त्यांच्या घरांच्या बांधकामालाही गावाने हात लावला. ज्या महाराष्ट्रात गावकुसाबाहेरच्या वस्तीला एकेकाळी पाणवठ्यावर पाय ठेवू दिला जात नव्हता, तेथे हे घडले याचे मोल आम्ही कमी लेखत नाही. पण काही अभ्यासकांनी एक प्रश्न विचारला आहे आणि तो आपल्या समाजाने स्वतःलाही विचारावा असा आहे. दुसऱ्याच्या चांगुलपणाने मिळालेले घर आणि आपल्या हक्काने मिळालेले घर, यांत फरक आहे की नाही?

आमचे उत्तर आहे, फरक आहे. चांगुलपणा माणसाबरोबर येतो आणि माणसाबरोबर जातो. हक्क कागदावर असतो, तो मुलाबाळांना पुरतो. या फरकाची सर्वांत मोठी परीक्षा आज राळेगणमध्ये नव्हे, तर मुंबईच्या गिरणगावात चालली आहे. आणि पारनेरच्या माणसाला गिरणगाव परके नाही.

पारनेरहून परळला

पारनेर तालुक्यात पाऊस दगा देतो, म्हणून माणसे मुंबईची वाट धरतात. ही रीत जुनी आहे. अण्णा हजारे स्वतः लष्करात जाण्यापूर्वी दादरला फुले विकत होते. दादरपासून परळ, लालबाग, लोअर परळ, वरळी, चिंचपोकळी, भायखळा हा सगळा पट्टा म्हणजे गिरणगाव. या पट्ट्यातून रेल्वेरुळांच्या कडेने जो मोठा रस्ता जातो, त्याचे नाव सेनापती बापट मार्ग. हे सेनापती बापट पारनेरचेच. नगर जिल्ह्यातून आलेला कामगार ज्या रस्त्याने पाळीला जात असे, त्या रस्त्याला त्याच्याच तालुक्याच्या माणसाचे नाव लागले.

मुंबईत पहिली कापड गिरणी काढण्याचे काम कावसजी दावर यांनी १८५४ साली ताडदेव येथे हाती घेतले. पुढच्या शतकभरात गिरण्यांच्या चिमण्या वाढत गेल्या. कोकण, सातारा, नगर, पुणे येथून माणसे आली. गावी घर आणि शेत, मुंबईला फक्त पथारी, असा तो संसार. एका खोलीत पंधरा-वीस माणसे राहत. एक पाळी कामावर गेली की दुसरी पाळी त्याच जागेवर अंग टाकी. जेवण खानावळीत. या खानावळी चालवणाऱ्या बायांना १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळाच्या रूपाने एकत्र आणले, कारण गिरणीच्या पगारावर मुंबई चालत होती तशी ती या बायांच्या पोळपाटावरही चालत होती.

आपल्या माणसांना मात्र गिरणीतही सगळ्या खात्यांची दारे उघडी नव्हती. विणकाम खात्यात पगार अधिक. पण तेथे कांडीवरचे सूत तोंडाने ओढून धोट्यात ओवावे लागे. अस्पृश्याच्या तोंडचा दोरा आम्हाला चालणार नाही, असे म्हणून सवर्ण कामगारांनी त्यांना त्या खात्यात येऊ दिले नाही. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. कामगारांची एकी हवी, तर ती एकी आधी कामगारांनी एकमेकांशी पाळावी, असा त्यांचा रोखठोक आग्रह होता. पुढे ७ नोव्हेंबर १९३८ रोजी औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध झालेल्या संपात त्यांचा स्वतंत्र मजूर पक्ष लाल बावट्याच्या बरोबरीने उतरला. गिरणगाव घडवण्यात आपल्या आजोबा-पणजोबांचा घाम आहे. हे विसरून तेथील घराचा विचार करता येणार नाही.

दोन खोल्या आणि राजगृह

बाबासाहेब स्वतः गिरणगावचे रहिवासी होते. परळला पोयबावडीच्या बीआयटी चाळीत दुसऱ्या मजल्यावर ५० आणि ५१ क्रमांकाच्या दोन खोल्यांत त्यांचे बिऱ्हाड वीस वर्षांहून अधिक काळ होते. १८९६ च्या प्लेगनंतर सरकारने जी सुधार ट्रस्ट नेमली, तिने या चाळी बांधल्या. दोन खोल्यांत कुटुंब, पाहुणे आणि पुस्तके. पुढे दादरच्या हिंदू कॉलनीत त्यांनी राजगृह बांधले, ते मुख्यतः पुस्तकांना जागा हवी म्हणून.

यात आपल्यासाठी एक धडा आहे. घर म्हणजे फक्त डोक्यावरचे छप्पर नव्हे. मुलाला अभ्यासाला कोपरा मिळतो का, सुनेला आडोसा मिळतो का, म्हातारीला संडासाच्या रांगेत उभे राहावे लागत नाही ना, यावर घराची किंमत ठरते. चौरस फुटांचा हिशोब यासाठी करायचा.

गिरण्या बंद, जमिनी महाग

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. संप रीतसर मागे घेतला असे कधी जाहीर झालेच नाही. तो विरत गेला. घराघरातली भांडी विकली गेली, मुले शाळेतून निघाली, कित्येक जण गावी परतले. एकेक करीत गिरण्या बंद पडल्या. चिमण्यांचा धूर थांबला, पण चिमण्यांखालची जमीन तेवढ्यात सोन्याची झाली.

मुंबईत गिरण्यांकडे सुमारे ६०० एकर जमीन होती. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत ५८ क्रमांकाचा नियम आला. गिरणीची जमीन विकसित करायची असेल तर तिचे तीन वाटे करावेत. एक महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला, असा त्याचा अर्थ. नियम चांगला होता. २००१ साली तो बदलला. आता तीन वाटे करायचे ते फक्त गिरणीच्या आवारात आधीपासून मोकळ्या असलेल्या जागेचे. शेड, गोदामे, खाती यांच्याखालची जमीन हिशोबातून वगळली. गिरणीच्या आवारात मोकळी जागा ती किती असणार? तीन भाकऱ्यांतली एक देतो म्हणायचे आणि भाकरीऐवजी तिचा पापुद्रा पुढे करायचा, तसे हे झाले. ऑक्टोबर २००५ मध्ये उच्च न्यायालयाने हा बदल रोखणारा निकाल दिला, पण मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला.

त्याच २००५ साली राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने ज्युपिटर, अपोलो, एल्फिन्स्टन, मुंबई टेक्सटाइल आणि कोहिनूर क्रमांक ३ या गिरण्यांच्या जमिनी लिलावात विकल्या. शेकडो कोटींच्या बोल्या लागल्या. फिनिक्स गिरणीच्या जागी मॉल आला. कमला मिलच्या आवारात कचेऱ्या आणि हॉटेले आली. काचेचे मनोरे उभे राहिले, पण जिने, पूल आणि गल्ल्या जुन्याच राहिल्या. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसे मेली. त्याच वर्षी २९ डिसेंबरला कमला मिलच्या आवारातील आगीत १४ जण गेले. वस्ती नवी होते म्हणजे नुसत्या इमारती उंच होऊन भागत नाही, हे या दोन तारखांनी शिकवले.

असे फक्त मुंबईतच झाले असे नाही. इंग्लंडात मँचेस्टरच्या अँकोट्स भागात कापसाच्या जुन्या गिरण्यांत आज फ्लॅट आहेत. तेथेही प्रश्न तोच. वस्ती सुधारली, पण जुनी वस्ती त्या सुधारणेत राहिली का?

आपल्या समाजाने मात्र या ६०० एकरांतला एक तुकडा लढून मिळवला आहे. चैत्यभूमीलगतची इंदू मिल. ६ डिसेंबर २०११ रोजी भीमसैनिक त्या आवारात शिरले. सुमारे साडेबारा एकर जागा स्मारकासाठी मान्य करून घेतली गेली आणि ११ ऑक्टोबर २०१५ रोजी भूमिपूजन झाले. जी जमीन बाजारात गेली असती, ती संघटित मागणीमुळे समाजाची झाली. स्मारकाबाबत जे जमले, ते घरांबाबतही जमले पाहिजे.

सोडतीची घरे : शंभरात नऊ

म्हाडाच्या वाट्याच्या जमिनीवर गिरणी कामगारांसाठी घरे बांधावीत, ही मागणी कामगार संघटनांनी वर्षानुवर्षे लावून धरली. पहिली सोडत २८ जून २०१२ रोजी निघाली. सुमारे ६,९०० घरे, प्रत्येकी २२५ चौरस फूट, किंमत साडेसात लाख रुपये. मे २०१६ मध्ये २,६३४ घरांची, डिसेंबर २०१६ मध्ये पनवेलजवळच्या कोन येथील २,४१७ घरांची आणि १ मार्च २०२० रोजी बॉम्बे डाइंग व श्रीनिवास मिलच्या जागेवरील ३,८९४ घरांची सोडत झाली. कोनच्या घरांची कथा तर वेगळीच. सोडत झाली, पण कोरोनाच्या साथीत इमारती विलगीकरणासाठी घेतल्या गेल्या आणि यशस्वी कामगारांना चावीसाठी अनेक वर्षे ताटकळावे लागले.

सगळी घरे मिळून १६ हजारांच्या आत. अर्ज आले होते सुमारे पावणेदोन लाख. म्हणजे शंभर कुटुंबांतील नऊ कुटुंबांना घर, बाकीच्यांना वाट पाहणे. उरलेल्यांसाठी शेलू आणि वांगणी येथे घरे देण्याची योजना शासनाने पुढे आणली. कामगार संघटनांनी तिला विरोध केला. ९ जुलै २०२५ रोजी आझाद मैदानावर सत्तरी-ऐंशीतले कामगार आणि त्यांच्या विधवा पुन्हा जमल्या. त्यांचे म्हणणे साधे आहे. आम्ही मुंबई उभी केली, आमचे घर मुंबईतच हवे. या म्हणण्यात भीक नाही, हक्क आहे.

ज्या कुटुंबाचा अर्ज पूर्वीच भरलेला आहे, त्यांनी गिरणीचे तिकीट, हजेरीपत्र, भविष्यनिर्वाह निधीची पावती, ईएसआयचे कार्ड, सेवेचा दाखला यांतील जे असेल ते जपून ठेवावे. पत्र्याच्या पेटीत तळाशी पडलेला पिवळा कागदच उद्या पात्रतेचा पुरावा ठरतो. कामगार वारला असेल तर वारसांनी आपसात भांडण न करता एका नावाने पाठपुरावा करावा. भावाभावांच्या वादात घर अडकल्याची उदाहरणे प्रत्येक चाळीत ऐकू येतात.

बीडीडी चाळी : १६० वरून ५००

गिरणगावात आपल्या समाजाची मोठी वस्ती ज्या चाळींत आहे, त्या बीडीडी चाळी. १९२० नंतरच्या काळात मुंबई विकास खात्याने त्या बांधल्या. वरळीला १२१ इमारती, नायगावला ४२, ना. म. जोशी मार्गावर ३२ आणि शिवडीला १२. एका इमारतीत ८० खोल्या, एक खोली १६० चौरस फुटांची, संडास मजल्यावर सामायिक. १९७४ च्या जानेवारीत वरळीच्या याच चाळींत दंगल झाली. दलित पँथरच्या चळवळीतील भागवत जाधव यांचा १० जानेवारी रोजी बळी गेला. या भिंतींनी सभा पाहिल्या, लाठ्या पाहिल्या आणि भीमजयंतीचे मंडपही पाहिले.

२२ एप्रिल २०१७ रोजी जांबोरी मैदानावर पुनर्विकासाचे भूमिपूजन झाले. १६० फुटांच्या खोलीऐवजी ५०० चौरस फुटांचे मालकीचे घर, तेही मोफत, असे ठरले. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या पहिल्या ५५६ कुटुंबांना चाव्या देण्यात आल्या. चार पिढ्या भाडेपावतीवर राहिलेली माणसे मालक झाली. ही साधी गोष्ट नाही. त्या कुटुंबांचे आम्ही मनापासून अभिनंदन करतो. आणि त्याच बरोबर एक इशाराही देतो, कारण खरी कसोटी चावी हातात पडल्यानंतर सुरू होते.

चावीनंतरचा हिशोब

चाळीत भाडे नाममात्र होते. मनोऱ्यात लिफ्ट आहे, पंप आहे, पहारेकरी आहे, अग्निशमन यंत्रणा आहे. या सगळ्याला दरमहा पैसा लागतो. समजा देखभाल खर्च महिना तीन हजार रुपये आला, तर वर्षाला ३६ हजार झाले. हे पैसे ज्या घरात नियमित येत नाहीत, तेथे थकबाकी साचते. दलाल अशाच घराचा शोध घेत असतो.

तो येतो, गोड बोलतो, नालासोपाऱ्याला किंवा बदलापूरला मोठे घर आणि वर रोख रक्कम दाखवतो. म्हाडाचे घर ठरावीक वर्षे विकता येत नाही हे त्याला माहीत असते, म्हणून तो कुलमुखत्यारपत्रावर सही मागतो. अशा सहीने व्यवहार पुरा होत नाही. कुलमुखत्यारपत्राने स्थावर मिळकतीची मालकी जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केले आहे. घेणारा फसतो, विकणाराही अडचणीत येतो. पण रोख रक्कम लग्नात, गाडीत, उसनवारीत संपते आणि गिरणगावातला माणूस गिरणगावाबाहेर जातो तो कायमचा. तीन पिढ्यांनी कमावलेला पत्ता असा एका सहीने जाऊ देऊ नका.

देखभालीचा उपाय आधीच करावा. कमावत्या प्रत्येक माणसाने ठरावीक रक्कम घराच्या वेगळ्या खात्यात टाकावी. सोसायटीची सर्वसाधारण सभा चुकवू नये, हिशोबपत्रक मागून वाचावे. भिशीचा हिशोब चोख ठेवणाऱ्या आपल्या बायांना सोसायटीचा हिशोब कळणार नाही, असे कोणी म्हणू नये. कार्यकारिणीत त्यांना पुढे करावे.

विकत घेणाऱ्यांसाठी

सर्वांना सोडत लागत नाही. पुष्कळ तरुण कुटुंबे आता कर्ज काढून घर घेतात. त्यांच्यासाठी काही गोष्टी.

पहिली गोष्ट, हप्त्याचा हिशोब. समजा साडेनऊ लाखांचे कर्ज ९ टक्के व्याजाने १५ वर्षांसाठी घेतले, तर महिन्याचा हप्ता सुमारे ९,६०० रुपये बसतो आणि एकूण फेड सव्वासतरा लाखांच्या वर जाते. तेच कर्ज १० वर्षांत फेडले तर हप्ता सुमारे १२ हजार, पण एकूण फेड साडेचौदा लाखांच्या आत. म्हणजे महिना चोवीसशे रुपये जास्त भरले तर जवळजवळ तीन लाख वाचतात. कर्ज घेण्याआधी हा हिशोब नवरा-बायकोने बसून करावा. गावाकडच्या खर्चाचे, आजारपणाचे आणि मुलांच्या फीचे पैसे बाजूला काढून जे उरते, तेवढाच हप्ता झेपतो.

दुसरी गोष्ट, कागद. मे २०१७ पासून महाराष्ट्रात महारेरा काम करते. नव्या प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक मागा आणि महारेराच्या संकेतस्थळावर तो मुलाकडून तपासून घ्या. किंमत चटई क्षेत्रावर ठरते, बिल्डरच्या तोंडच्या आकड्यावर नाही. नोंदणीकृत करार झाल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष निघाला तर तो त्याने स्वखर्चाने दुरुस्त करायचा आहे. भोगवटा प्रमाणपत्र नसलेल्या इमारतीत, किंमत कितीही कमी असली, तरी उडी मारू नका.

जुने घर किंवा पागडीची खोली घेणाऱ्यांनी आणखी जपावे. पागडीची खोली म्हणजे मालकी नव्हे, तो भाडेकरूचा हक्क आहे. भाडेपावती कोणाच्या नावाने आहे, घरमालकाची संमती लेखी आहे का, इमारत पुनर्विकासात जाणार असेल तर पात्र यादीत नाव कोणाचे, हे पाहिल्याशिवाय एक रुपयाही देऊ नये. साध्या कागदावरची चिठ्ठी किंवा नोटरी म्हणजे खरेदीखत नव्हे. दुय्यम निबंधकाकडे नोंद झालेला दस्तच खरा.

आडनाव विचारणारी सोसायटी

एक गोष्ट बिल्डरच्या माहितीपत्रकात छापलेली नसते. घर दाखवणारा आधी आडनाव विचारतो, मग गाव विचारतो, मग मांसमच्छी खाता का ते विचारतो आणि शेवटी खोली कालच गेली असे सांगतो. गिरणीत तोंडचा दोरा चालत नव्हता, आता स्वयंपाकघरातला वास चालत नाही. खाते बदलले, वृत्ती तीच आहे.

अशा वेळी खाली मान घालून परत येऊ नका. घर विकत घेतल्यावर सोसायटीच्या सदस्यत्वाचा अर्ज लेखी द्या, पोच घ्या. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम २३ प्रमाणे पात्र माणसाला पुरेशा कारणाशिवाय सदस्यत्व नाकारता येत नाही. नकार आला तर तो लेखी मागा आणि निबंधकाकडे अपील करा. एखाद्या समाजापुरत्या मर्यादित सोसायटीचा उपविधी सर्वोच्च न्यायालयाने २००५ च्या एका पारशी सोसायटीच्या खटल्यात मान्य केला होता, म्हणून घर बघतानाच त्या सोसायटीचे उपविधी विचारून घ्यावेत. आणि जातीवरून अपमान झाला, तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. कायदा पेटीत ठेवण्यासाठी नसतो.

कागदावर बाईचे नाव

आता घरातल्या घरातला हक्क. चाळीतली खोली सासऱ्यांच्या नावावर, मग दिराच्या नावावर, असे चालत आले. विधवा सून आणि माहेरी परतलेली मुलगी यांचे नाव कुठेच नाही. बौद्धांनाही १९५६ चा हिंदू वारसा कायदा लागू आहे. बापाने मृत्युपत्र केले नसेल तर त्याची विधवा, मुलगे, मुली आणि आई यांना सारखा वाटा मिळतो. मुलीला वाटा देणे ही मेहेरबानी नव्हे. स्त्रियांच्या याच हक्कांसाठी बाबासाहेबांनी हिंदू कोड बिल मांडले आणि ते अडवले गेले तेव्हा १९५१ मध्ये मंत्रिपद सोडले. त्यांचे नाव घेणाऱ्या घरात बहिणीचा वाटा बुडवला जात असेल, तर भिंतीवरच्या तसबिरीला हार घालून काय उपयोग?

सोसायटीत नॉमिनी लावला म्हणजे तो मालक झाला, असाही गैरसमज आहे. नॉमिनी हा इतर वारसांच्या वतीने सांभाळणारा असतो. म्हणून मृत्युपत्र करून ठेवावे. नवे घर घेताना पती-पत्नी दोघांची नावे करारात घालावीत. घर फक्त बाईच्या नावावर घेतले तर महाराष्ट्रात १ एप्रिल २०२१ पासून मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. वीस लाखांच्या घरावर वीस हजार रुपये वाचतात आणि घराचा आधारही पक्का होतो.

मनोऱ्यात चाळ जपावी

चाळीच्या व्हरांड्यात दार उघडे असे. आजारी माणसाला कोणी ना कोणी पाणी देई, शाळेतून आलेल्या मुलाला शेजारीण जेवू घाली. बाविसाव्या मजल्यावर दार बंद होते आणि लिफ्टमध्ये माणूस खाली बघतो. म्हातारी माणसे यात एकटी पडतात. म्हणून नव्या इमारतीत ताबा घेतानाच मजल्यावरच्या कुटुंबांनी काही गोष्टी ठरवून घ्याव्यात. महिन्यातून एक दिवस सर्वांनी एकत्र बसावे. सोसायटीच्या सभागृहात मुलांसाठी संध्याकाळची अभ्यासिका चालवावी. भीमजयंती आणि बुद्धपौर्णिमा जुन्या मैदानाशी नाते तोडून करू नये. विहाराची जागा आराखड्यात आहे का, हे आराखडा मंजूर होण्याआधी पाहावे. नंतर भांडून काही मिळत नाही.

राळेगणने दाखवले की माणसे एकत्र आली की ओसाड माळावरही पाणी लागते. गिरणगावाने दाखवले की संघटित मागणीपुढे सरकारलाही कामगाराच्या नावाने घर काढावे लागते. पहिल्या गोष्टीतली एकी घ्यावी, दुसऱ्या गोष्टीतला हक्क घ्यावा. शंभरातल्या ज्या नऊ कुटुंबांना घर मिळाले, त्यांनी ते टिकवावे. ज्या एक्क्याण्णवांना मिळाले नाही, त्यांच्या मोर्चात या नऊ कुटुंबांनीही चालावे. आणि प्रत्येक घराने या रविवारी एक काम जरूर करावे. पेटी उघडावी, कागद बाहेर काढावेत, घरातल्या बायामुलींना समोर बसवून ते मोठ्याने वाचावेत आणि कोणाचे नाव कुठे आहे, कोणाचे राहिले आहे, ते वहीत लिहून काढावे.